‘कव्हर ब्याडा’ (प्लास्टिकची पिशवी नको) : फेकायच्या वस्तूंच्या जागी टिकणाऱ्या वस्तू कशा आणाव्यात

एकदा वापरून फेकायच्या वस्तू घरातून कमी करावयाच्या असतील, तर पहिल्या दिवशी काहीही विकत आणू नये. एक रिकामे पोते घ्यावे, ओला कचरा वगळून घराबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू सात दिवस त्यात साठवावी, आणि आठव्या दिवशी गच्चीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून त्या वस्तूंचे प्रकारवार ढीग करावेत. सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर साठवू नयेत. त्यांची संख्या तेवढी कागदावर लिहून ठेवावी. बेळगावातील आमच्या घरी हे प्रथम केले, तेव्हा सर्वांत मोठा ढीग दुधाच्या पिशव्यांचा निघेल असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो भाजीबाजारातून आलेल्या पातळ पिशव्यांचा निघाला आणि त्याखालोखाल होते कागदी पेले, कारण त्या आठवड्यात घरी एक छोटा कार्यक्रम झाला होता. ज्या वस्तूचा ढीग मोठा, तिच्यापासून आरंभ करावा. प्रत्येक घराचा क्रम निराळा निघतो, म्हणून दुसऱ्याच्या घरातील यादी उचलून आपल्या घराला लावू नये.

दुसरी गोष्ट खरेदीपूर्वीच समजून घ्यायला हवी. टिकाऊ वस्तू ती टिकाऊ आहे एवढ्यामुळे चांगली ठरत नाही, ती किती वेळा वापरली गेली यावर तिचे चांगलेपण ठरते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या २०११ सालच्या अभ्यासात असे आढळले, की नव्या सुती पिशवीचा हवामानावरील भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरण्यासाठी ती किमान १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवणे, सूत काढणे आणि कापड विणणे यांत पाणी, खत आणि वीज खर्च होते. याचा अर्थ सुती पिशवी वाईट, असा नव्हे. दर महिन्याला नवी सुंदर पिशवी विकत घेणे वाईट. जुन्या लुगड्याची, पडद्याची किंवा पँटच्या कापडाची पिशवी शिवली, तर कापड आधीच विणलेले असल्याने हा हिशेब पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूने असतो. त्याच न्यायाने घरात असलेले प्लास्टिकचे चांगले डबे फेकून स्टीलचे डबे आणू नयेत. असलेले डबे फुटेपर्यंत कोरड्या वस्तूंसाठी वापरावेत आणि फुटल्यावर बदली करावी.

बाजाराची पिशवी

प्लास्टिकच्या पिशवीला आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत ‘कव्हर’ म्हणतात. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले आणि चमचे यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा प्लास्टिकचा पापुद्रा यांनाही बंदी झाली. तरीही बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा कोणत्याही आठवडी बाजारात अर्धा किलो टोमॅटोबरोबर कव्हर हातात येतेच, कारण विक्रेत्याचा हात सवयीने तिकडे जातो आणि आपण पिशवी उघडण्यापूर्वी माल बांधून होतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे भाव विचारण्याच्या आधी पिशवी उघडून पुढे धरावी. विक्रेती बाई कन्नड बोलणारी असेल, तर “कव्हर ब्याडा, चीला ऐती” एवढे चार शब्द पुरतात. ‘कव्हर नको, पिशवी आहे’ हे तिच्या बोलीत ऐकले, की ती हसून तराजूतला माल थेट पिशवीत ओतते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पिशवी घरी शिवण्यासाठी ९६ सेंटिमीटर लांब आणि ४२ सेंटिमीटर रुंद असा जाड कापडाचा एकच तुकडा कापावा. दोन्ही आखूड कडा तीन-तीन सेंटिमीटर आत दुमडून शिवाव्यात, म्हणजे तोंडाची पट्टी तयार होते. मग कापड मधोमध दुमडावे. बाजूच्या शिवणी दुहेरी घालाव्यात. प्रथम कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून अगदी अरुंद शिवण मारावी, नंतर पिशवी उलटी करून तीच कड आत झाकली जाईल अशी दुसरी शिवण मारावी, म्हणजे आतून दोरे सुटत नाहीत आणि त्यात धान्य अडकत नाही. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी दाबून, टोकापासून पाच सेंटिमीटरवर आडवी शिवण घातली, की पिशवीला दहा सेंटिमीटर रुंदीचा बसका तळ मिळतो आणि ती भरल्यावर कलंडत नाही. बंदांसाठी ६० सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घेऊन त्या रुंदीच्या बाजूने चौपदरी दुमडाव्यात. बंद जिथे जोडायचा तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारावी. घरच्या पिशव्या कापडामुळे फाटत नाहीत, या जोडापाशी उसवतात, म्हणून इथे घाई करू नये. घरी शिलाई यंत्र नसेल, तर गल्लीतील शिंप्याकडे चार पिशव्यांचे कापड एकदम द्यावे.

बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत आणि हलक्या पिशव्या मिळतात, त्या बहुधा कापडाच्या नसतात. त्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंना दाबून केलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. उजेडात धरल्यावर उभे-आडवे धागे दिसत नसतील आणि सगळीकडे बारीक ठिपक्यांचे दाब उमटलेले असतील, तर ते विणलेले कापड नव्हे. अशा पिशव्या काही महिन्यांत चुरा होऊन गळू लागतात आणि तो चुरा गोळा करता येत नाही. नवेच कापड घ्यावे लागले, तर बेळगावजवळच्या हुदली गावची खादी किंवा बेळगावातील शहापूर-वडगावच्या मागावरील सुती कापड ही आपल्या हाताशी असलेली गोष्ट आहे.

एका मोठ्या पिशवीने भागत नाही, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येते. डाळ, तांदूळ, रवा यांसाठी जुन्या मलमलीच्या किंवा धोतराच्या, नाडी ओवलेल्या पाच-सहा लहान पिशव्या हव्यात. नाडीच्या टोकाशी पिशवीचे रिकामे वजन पक्क्या शाईने लिहून ठेवले, की दुकानदाराला ते वजा करणे सोपे जाते. काटा इलेक्ट्रॉनिक असेल, तर रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्य करून घ्यावा. कोथिंबीर आणि मेथी यांसाठी ओलसर कापड उत्तम. निवडलेली भाजी त्यात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, तर प्लास्टिकमध्ये घाम येऊन ती जशी सडते तशी सडत नाही.

मासळी आणि मटण यांच्या बाबतीत मात्र कापडाचा उपयोग नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा आणि खरेदीआधी रिकाम्या डब्याचे वजन करून घ्यावे. हाच डबा कुंद्यासाठी, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईसाठीही चालतो. कुंदा खोक्यातूनच न्यावा असा काही नियम नाही, आणि घरी खायचा असेल तर खोके, त्यातील कागद आणि वरची दोरी या तिन्ही गोष्टी वाचतात.

पिशवी घरी विसरणे ही खरी अडचण आहे. रिकामी झालेली पिशवी कपाटात ठेवू नये. ती दाराजवळच्या खिळ्यावर, दुचाकीच्या डिकीत किंवा चपलांच्या मांडणीवर, म्हणजे बाहेर पडताना हात लागेल अशाच ठिकाणी असावी. आमच्याकडे नियम असा आहे, की पिशवी रिकामी करणाऱ्यानेच ती खिळ्याला लावायची.

स्वयंपाकघर

कागदी पेला कागदाचा असतो, हा समज प्रथम सोडावा. त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपून हातावर आला असता. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखवले, की अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे राहिला, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार अतिसूक्ष्म कण उतरतात. ज्या घरात पाहुणे वारंवार येतात, त्या घरात स्टीलचे किंवा काचेचे बारा जादा पेले असणे हाच यावरचा पर्याय आहे. ते धुण्याचे काम वाढते हे खरे. म्हणून पेले कोणी विसळायचे, हे कार्यक्रमाच्या आधीच ठरवावे. टिकाऊ वस्तूंचा सगळा भार घरातील बायकांच्या हातावर टाकला, तर महिन्याभरात ती वस्तू माळ्यावर जाते, आणि तो दोष वस्तूचा नसतो. ज्या घरात धुणे, विसळणे, वाळत घालणे ही कामे पुरुष आणि मुलेही करतात, त्याच घरात हे बदल टिकलेले मी पाहिले आहेत.

भांडी घासायचा हिरवा चौकोन हाही प्लास्टिकच्या तंतूंचा असतो आणि झिजता झिजता मोरीतून वाहून जातो. त्याच्या जागी नारळाच्या सोडणाचा काथ्या मूठभर घेऊन, सुतळीने मधोमध घट्ट आवळून वापरावा. स्टीलच्या आणि लोखंडी भांड्यांना तो उत्तम आहे, मात्र नॉनस्टिक तव्यावर तो चालवू नये. काचेसाठी आणि हलक्या भांड्यांसाठी घोसाळे वापरावे. परसात वेल असेल, तर दोन-तीन घोसाळी न तोडता वेलावरच राहू द्यावीत. ती पिवळी पडून नंतर तपकिरी होतात, हलकी होतात आणि हलवल्यावर आत बिया वाजू लागतात. मग साल सोलून, बिया झाडून, आतली जाळी पाण्यात भिजवून धुवावी आणि कडक उन्हात वाळवून तुकडे कापावेत. रोज वापरानंतर तुकडा पिळून टांगून ठेवावा. तो काळा पडू लागला किंवा त्याला वास येऊ लागला, की मातीत पुरावा. झाडलेल्या बिया पुढच्या पावसाळ्यात लावता येतात.

इथे एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. खेड्यांतील आणि गावठाणातील पुष्कळ घरांत न्हाणीतल्या चुलीवर किंवा बंबात पाणी तापवतात, आणि जाळ पटकन धरावा म्हणून कव्हरे, दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला त्यात घालतात. हे पूर्णपणे थांबवावे. बंद न्हाणीत कोंडलेला तो धूर पाणी काढणारी व्यक्ती श्वासाबरोबर घेते, आणि पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. शिवाय जिथे प्लास्टिक जळले, तिथली राख भांडी घासायला किंवा झाडांना घालायला घेऊ नये. निव्वळ लाकडाची राख चाळून घेतली, तर तेलकट भांड्यांसाठी तिच्याइतके स्वस्त साधन नाही. जाळ धरण्यासाठी नारळाच्या झावळीचे तुकडे, वाळलेले सोडण किंवा मक्याची बुरकुंडे साठवावीत. दुधाच्या पिशव्या कोपरा कापून, मात्र तो तुकडा पूर्ण वेगळा न करता, रिकाम्या कराव्यात, विसळून वाळवाव्यात आणि रद्दीवाल्याला द्याव्यात. गवळ्याकडून किटलीत दूध घेण्याची सोय ज्यांना आहे, त्यांचा हा प्रश्न मुळातच सुटतो.

चपात्या किंवा भाकरी बांधायला ॲल्युमिनियमच्या कागदाची गरज नाही. जुन्या धोतराचा हातभर चौकोन वाफ शोषून घेतो आणि भाकरी खालून ओली होत नाही. पूर्वी शेतावर भाकरी फडक्यातच जात असे. असे आठ-दहा चौकोन एकदम कापून, कडा दुमडून ठेवावेत. त्यांतील काही हात पुसायला ठेवले, की टिशू पेपरही आपोआप सुटतो. फ्रीजमधील वाटीवर पारदर्शक पापुद्रा ताणण्याऐवजी ताटली झाकावी.

दह्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची मातीची भांडी अवश्य घ्यावीत. तेथील लाल मातीच्या भांड्यांची ख्याती जुनी आहे, आणि कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. नवे मडके चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावे, मग उन्हात वाळवावे, आणि पहिल्या वेळी लागणारे दही थोडे पाणचट वाटले तर निराश होऊ नये. मातीचे भांडे साबणाने धुवू नये, कारण त्याच्या छिद्रांत साबण शिरून राहतो. गरम पाणी आणि काथ्या पुरेसा असतो. प्रवासासाठी तांब्याची बाटली नेणाऱ्यांनी तिच्यात फक्त पाणी ठेवावे. ताक, कोकम किंवा लिंबाचे सरबत यांतील आंबटपणा तांबे विरघळवतो.

लंगोट, घड्या आणि पावसाळा

कापडी लंगोट आणि मासिक पाळीच्या कापडी घड्या यांबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘कडक उन्हात वाळवा’ असे सांगून मोकळे होतात. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस ऊन पडतच नाही आणि बेळगाव शहरातही भिंतींना ओल येते. म्हणून संख्या ठरवताना पावसाळा धरूनच ठरवावी. उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला चोवीस लंगोट पुरत असतील, तर पावसाळ्यात चाळीस लागतात. डायपर दिवसाला पाच-सहा म्हटले, तरी महिन्याला दीडशे ते एकशे ऐंशी होतात आणि एकही पुन्हा वापरता येत नाही, हे लक्षात घेतले की चाळीस लंगोटांचा हा पसारा जास्त वाटत नाही.

लंगोटासाठी पुष्कळ धुऊन मऊ झालेले सुती लुगडे सर्वांत चांगले. नव्या कापडाला खळ असते, ते आधी तीन-चार वेळा धुवावे. मळलेला लंगोट प्रथम साध्या पाण्याने खळबळून, मग साध्या साबणाने धुवावा आणि कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याचा थर बसून कापड पाणी शोषेनासे होते. पावसाळ्यात कपडे पिळल्यावर कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा एकदा दाबावेत, वारा खेळेल अशा पडवीत एकमेकांपासून अंतर ठेवून टाकावेत, आणि शेवटी गरम इस्त्री फिरवावी. पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचे डालगे उपडे ठेवून त्यावर बाळाची दुपटी वाळवत. ज्यांना ते करावेसे वाटेल त्यांनी खोलीची खिडकी उघडी ठेवावी, बाळाला त्या खोलीत ठेवू नये आणि शेगडीपासून उठून जाऊ नये. रात्री किंवा प्रवासात डायपर वापरला, तर त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. दिवसाचे चार वाचले, तरी महिन्याचे एकशे वीस वाचतात.

पाळीच्या घड्यांना रक्ताचा डाग असताना गरम पाणी लावू नये, त्याने डाग पक्का बसतो. प्रथम थंड पाणी, मग साबण, मग स्वच्छ पाणी निथळेपर्यंत खळबळणे, हा क्रम ठेवावा. त्यानंतर घडी इतर कपड्यांच्या खाली किंवा दाराआड लपवून वाळवू नये. दमट राहिलेल्या कापडात जंतू वाढतात आणि खाज व संसर्ग होतो. लाजेमुळे आपल्या आई-आज्यांनी हा त्रास वर्षानुवर्षे सोसला आहे आणि तो पुढच्या पिढीला देऊ नये. दोरीवर उघडे टाकणे अवघड वाटत असेल, तर वरून मलमलीसारखे पातळ कापड टाकावे, वारा त्यातून जातो. पावसाळ्यासाठी दहा-बारा घड्या असाव्यात आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय एकही वापरू नये.

सिलिकोनच्या पाळीच्या कपाला वाळवण्याची ही अडचण नाही. पाळी संपल्यावर तो पाच ते दहा मिनिटे पाण्यात उकळावा आणि हवा लागेल अशा कापडी थैलीत ठेवावा. पाळीत तो बारा तासांच्या आत रिकामा करून धुवायचा असतो आणि नीट जपला तर दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो. बसवण्याची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. गर्भाशयात तांबी बसवलेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जे पॅड आणि डायपर तरीही वापरले जातील, ते कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून, ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावेत. ते गटारात किंवा शौचकूपात टाकू नयेत.

न्हाणीघरातील बाकीच्या गोष्टींना फार शब्द नकोत. द्रव साबणाच्या बाटलीऐवजी वडी, केसांना शिकेकाई, आणि फेकायच्या रेझरऐवजी पाते बदलता येणारा धातूचा रेझर, एवढे पुरे. कानात काडी घालणे मुळातच टाळावे. पुन्हा चार्ज होणारे सेल मुलांच्या खेळण्यांसाठी घ्यावेत. भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेल वर्षभर पुरतो, तिथे महाग सेल घालून काही साधत नाही.

समारंभ आणि यात्रा

घरात वर्षभर वाचवलेला कचरा एका बारशात किंवा गणपतीच्या महाप्रसादात परत येतो, म्हणून हा भाग गल्लीने मिळून करावा. लग्नात आहेर म्हणून आलेली स्टीलची ताटे आणि पेले आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराच्या माळ्यावर पडून असतात. वीस घरांनी पाच-पाच ताटे, वाट्या आणि पेले काढून दिले, की शंभर माणसांची पंगत उठते. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून त्यावर गल्लीचे नाव कोरून घ्यावे, मोजून पोत्यात भरावीत, वहीत नोंद ठेवावी, आणि नेताना व परत करताना दोन माणसांसमोर मोजणी करावी. धुण्यासाठी तीन मोठी घमेली ओळीने लावावीत. उष्टे एका बादलीत काढून पहिल्या घमेल्यात ताट बुडवावे, दुसऱ्यात साबण आणि तिसऱ्यात स्वच्छ पाणी ठेवावे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल, तर हट्टाने ताटे धुण्यापेक्षा केळीची पाने आणावीत. पाने आणि खऱ्या पत्रावळी फेकल्या तरी कुजून माती होतात. मात्र हल्लीच्या पुष्कळ पत्रावळींवर चकाकणारा थर असतो. एक पत्रावळ गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून पाहावी. वरून पापुद्रा सुटला, तर तो प्लास्टिकचा आहे असे समजून ती घेऊ नये.

सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाणारी आपली कुटुंबे डोंगरावर स्वयंपाक करून जेवतात. गाडीत तांदळाचे पोते आणि भांडी भरतच असतो, त्यातच माणशी एक ताट, वाटी आणि तांब्या ठेवावा, आणि उष्टे व केर परत आणण्यासाठी एक रिकामे पोते गाडीला बांधून ठेवावे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्यापेक्षा वर सांगितलेली बाजाराची पिशवी द्यावी. जुन्या सुती लुगड्याचे काठ बंदांना लावले, तर ती देखणीही होते. एका लुगड्याच्या दुहेरी कापडातून चार-पाच पिशव्या निघतात. तीस सुवासिनींसाठी सहा ते आठ लुगडी आणि शिवायला फावल्या वेळचे तीन आठवडे लागतात, तेव्हा कापडाची जमवाजमव मार्गशीर्षाच्या सुरुवातीलाच करावी.